टोपीवाल्याची भाकर

आमच्या गावात लढाईचे दोन दगड आहेत. एक चावडीपुढे, संगमरवरी, रझाकारांच्या हातून मेलेल्या माणसांची नावं कोरलेला. दुसरा आमच्या शेताच्या बांधावर, काळा, बिननावाचा. पहिल्याचा आम्ही मान ठेवतो, दुसऱ्याला घाबरतो. मान ठेवायला वर्षातला एक दिवस पुरतो. सप्टेंबरात दगड धुतात, झेंडा लावतात, पुढारी कानडीत भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर शेळ्या बसतात. भीतीचं तसं नसतं. भीतीला दर अमावस्येला तेल लागतं.

बिदरला आमचं साड्यांचं दुकान आहे, आणि दुकानात बसून बसून माझी जीभ फार सैल झाली आहे. लातूरचे, उदगीरचे व्याही-पाहुणे आले की त्यांना किल्ला आणि कबरी दाखवून झाल्यावर मी गावाकडे नेते आणि दोन्ही दगड दाखवते. चावडीपुढे मी गंभीर असते. बांधावर मात्र मी रंगात येते. पदर कमरेला खोचून मी टोपीवाल्याची गोष्ट सांगते: पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा एक टोपीवाला बंदूक घेऊन आमच्या शेतात शिरला, माझ्या आज्यानं त्याला गाठला, दोघांची झोंबी झाली, तीन शेतं तुडवली गेली, आणि शेवटी आज्यानं त्याला इथं लोळवला. तो रझाकार होता की नुसता नाक्यावरचा शिपाई, यावर गावात अजून एकमत नाही. माझ्या गोष्टीत तो रझाकारच असतो, सहा फुटी. शेवटी मी त्याचा आवाज काढते, "भाकर दे", आणि पाहुण्यांच्या बायका एकमेकींचा हात धरतात. मला ते फार आवडतं.

कारण अमावस्येला त्याला भाकर द्यायची असते. आमची थोरली चुलती, जिला आम्ही कानडी वळणानं दोड्डव्वा म्हणतो, लग्न होऊन आल्यापासून दर अमावस्येला त्या दगडाला तेल लावते, पुढं भाकर ठेवते आणि मागं न बघता परत येते. ऐंशीला टेकली आहे, तरी सुनांना ते काम करू देत नाही. एकदाच चुकली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, अमावस्या तशीच गेली, आणि त्या महिन्यात तिचं लेकरू तापानं गेलं. लेकरं तेव्हा तापानं जायचीच, असं कुणी तिच्यापुढं म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत एका भाचीनं माझी ही गोष्ट मोबाईलवर घेतली आणि कुठं कुठं पाठवली. महिन्याभरानं मला हैदराबादहून फोन आला. एका म्हाताऱ्या बाईचा बारीक आवाज.

"आप वोइच हैं ना, टोपीवाले का किस्सा सुनाए सो?"

मी खुशीत म्हटलं, हो, मीच. मला वाटलं, कार्यक्रमाचं बोलावणं आलं.

"वो मेरे अब्बा थे," आवाज म्हणाला. "मेरेकू वो जगह देखना है."

घाबरले की मी जास्त बोलते, हा माझा जुना रोग आहे. त्या बाईंना मी हवामान सांगितलं, बसच्या वेळा सांगितल्या, दुकानात नव्या आलेल्या इरकल साड्यांचे रंगसुद्धा सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. नाक्याचं नाव, गावाचं नाव, साल, सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. बाप गेला तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. शेवटी विचारलं, "कब आऊँ?"

मी दोड्डव्वाला फोन लावला. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, आणि माझी सुटका होईल. मागं कोंबडा ओरडत होता.

"लेक हाय व्हय त्याला," ती म्हणाली. "येळवसला घिऊन ये. आणि वाटंत काय खाऊ घालू नको. उपाशी आण."

"उपाशी कामून?"

"आपल्या रानात जेवली पायजे ती. बाप बघितला न्हाई असल्या लेकराचा तळतळाट लय वाईट असतोय. एकदा का आपलं मीठ तिच्या पोटात गेलं, की तिच्या तोंडून शाप निघायचा न्हाई. आपली सून दिवसात हाय, ठाव हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. दोड्डव्वाच्या नातवाची बायको, नववा महिना. आता मलाही नीट भीती वाटायला लागली. आमच्या घरात भीती साथीसारखी पसरते, एकाला शिंक आली की सगळे शिंकतात.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा आमच्या सीमेवरच्या लोकांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गावं रिकामी पडतात. सगळे आपापल्या रानात, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडून, भज्जी-भाकरी खायला. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात, आणि नको म्हणणं म्हणजे शेताला अपशकुन. मी मनात म्हटलं, इतक्या जेवणावळीत एक म्हातारी बाई न जेवता जाईलच कशी.

बिदरच्या स्टँडवर त्या उतरल्या. सहा फुटी रझाकाराची मुलगी माझ्या खांद्याला लागत होती. पांढरी ओढणी, जाड चष्मा, पुढचे दात नाहीत. हातात एक पिशवी. गाडीत बसताच त्यांनी पिशवीतून डबा आणि पाण्याची बाटली काढून मांडीवर ठेवली.

"खाना मैं साथ लाई," त्या म्हणाल्या. "बुरा नक्को मानो. अम्मी मरते वक्त बोलके गई, उस गाँव का दाना नक्को खाना, उस गाँव का पानी नक्को पीना."

"का बरं?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. जनवाडा मागं पडला होता. "पता नहीं," त्या म्हणाल्या, पण त्यांना ठाऊक होतं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. दुकानात रोज शंभर बायका "नुसतं बघायला आले" म्हणतात, मला मान वाचता येते.

पुढचा सगळा रस्ता मी औरादच्या बाजारावर बोलत होते.

चावडीपाशी गाडी थांबवायचा माझा विचार नव्हता. पण संगमरवरी दगड लांबून दिसला आणि त्या म्हणाल्या, "ये किसका है?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "उतरती मैं."

पारावर तिघे-चौघे बसले होते. अजून रानात गेले नव्हते, बायकांनी डोक्यावर टोपल्या घेऊन पुढं जायचं आणि यांनी मागून जेवायला यायचं, ही रीत. त्यांतला एक, तिशीतला, गळ्यात गमछा, मला म्हणाला, "अक्का, कुणाला आणलीस?"

"दुकानाची गिऱ्हाईक हाय. जुनी दगडं बघायचा नाद हाय तिला."

"दगडं बघायला हैदराबादहून आली व्हय? तिकडची संपली का?"

हैदराबादच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी बाईंच्या हातात होती. मी खोटं बोलताना नेहमी एखादी पिशवी विसरते.

बाईंना देवनागरी येत नव्हती. त्यांनी मला नावं वाचायला सांगितली. मी वाचत गेले. चौथं नाव माझ्या आज्याच्या धाकट्या भावाचं आहे. त्याला नाक्याजवळच्या ओढ्यात मारलं होतं, पोलीस ॲक्शनच्या काही आठवडे आधी. ते नाव वाचताना मी जरा अडखळले, आणि बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्हारे?"

"आज्याचा भाऊ."

त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली, डबा आणि बाटली खाली ठेवली, दोन्ही तळहात वर केले आणि ओठ हलवायला लागल्या.

पारावरचा गमछेवाला उठला. तो जवळ येऊन उभा राहिला. "ती काय करायलीय?"

"नमस्कार करायलीय, तिच्या रीतीनं."

"ह्या नावांम्होरं? ह्यास्नी कुणी मारलं, ठाव हाय का तिला?"

मी तोंड उघडलं, पण त्यात एकही गोष्ट नव्हती. बाईंनी हात चेहऱ्यावरून फिरवून खाली घेतले आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "मालूम है, बेटा."

तो उभाच. त्याला काय करावं ते कळेना, आणि ज्या पुरुषाला काय करावं ते कळत नाही त्याची मला फार भीती वाटते. मग म्हणाला, "लय येळ उभी करू नको म्हातारीला. ऊन लागंल." आणि खिशातून फोन काढून कुणाला तरी लावत पाराकडं गेला.

आम्ही निघालो. आरशात मला एक मोटरसायकल दिसली. शेताच्या वाटेपर्यंत ती मागं होती. आम्ही वळलो तशी ती सरळ गेली. तो आमच्या मागावर होता की स्वतःच्या रानात जेवायला चालला होता, हे मला अजून माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही झालेली नाही.

रानात कोप उभी होती. आत चुना लावलेले पांडव, पुढं आंबिलाचा माठ, भज्जीचं मोठं पातेलं, बाजरीच्या भाकरींची चळत. चुलतभाऊ आंबील शिंपडत कोपीभोवती फिरून नुकतेच बसले होते. नातसून कोपीच्या सावलीत पाय पसरून बसली होती, पोटावर हात.

दोड्डव्वा उठली. गुडघे धरून उठली, आणि त्या दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कुणी नमस्कार केला नाही, कुणी सलाम केला नाही. आमच्यात पहिल्यांदा भेटायला आलेल्या बाईच्या गळ्यात पडून रडतात, घरात माणूस गेलेलं असेल तर. पण इथं माणूस कुणाच्या घरातलं गेलं होतं आणि कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं, ते कुणालाच कळेना.

"बसा," दोड्डव्वा म्हणाली. "आधी जेवा. मग दगड दावते."

"मैं खाना लाई," बाई म्हणाल्या आणि डबा छातीशी धरला.

"आमच्या रानात आलेलं माणूस उपाशी जात न्हाई."

"बुरा नक्को मानो."

एका चुलतभावानं मध्येच, मोठ्या आवाजात, पाहुणचाराच्या स्वरात म्हटलं, "अवो, खावा की. विख न्हाई घातलं त्यात."

त्याला विनोद करायचा होता. आमच्या घराण्यात जीभ सगळ्यांचीच सैल आहे. बाईंची डब्यावरची बोटं घट्ट झाली. दोड्डव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून बैलांकडं गेला.

मी बोलायला सुरुवात केली. भज्जीत काय काय असतं ते सांगितलं, तुरीचे दाणे, वाटाणे, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, मांस-मच्छी कशी नसते, आम्ही लिंगायत, किती शाकाहारी. दोड्डव्वानं माझ्या मनगटाला धरलं. "गप बस," ती म्हणाली. "तू लय सांगितलंस. आता मी सांगते."

ती बाईंकडं वळली आणि दखनीत बोलायला लागली. तिची दखनी मोडकी आहे, निजामाच्या शाळेत गेलेल्या नवऱ्याकडून ऐकून शिकलेली. पण त्या दिवशी मला प्रत्येक शब्द कळला, आणि मी इथं तो मराठीत लिहिते, कारण तसाच तो लिहायला मला धीर होत नाही.

"झोंबी-बिंबी काही झाली न्हाई," ती म्हणाली. "बंदूक नव्हती त्याच्याजवळ. दुपारची वेळ होती. लष्कर आलंय म्हणून नाका सोडून पळाला होता, दोन दिवसांचा उपाशी. माझी सासू कोपीत एकटी होती. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि भाकर मागितली. सासूनं दिली. तो ह्या बांधावर बसून खायला लागला. तेवढ्यात माझा सासरा आला. त्याच्या भावाला ओढ्यात मारून महिना झाला न्हवता. त्यानं मागून कुऱ्हाड घातली. जेवत्या माणसाला. हातातली भाकर संपली न्हवती. माझी सासू सगळ्या जन्मात एवढं एकच बोलायची, हातातली भाकर संपली न्हवती. तिनं मला पहिल्या अमावस्येला हे सांगितलं आणि भाकर हातात दिली."

मी इतक्या वर्षांत तीन शेतं तुडवली होती त्या गोष्टीत. माझ्या चुलतभावांनी खाली बघितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, आता शाप. मला खरंच वाटलं की आता त्या हात वर करतील, आणि मी नातसुनेकडं बघितलं. तिनं पदर पोटावर ओढून घेतला होता.

"अम्मीकू मालूम था," बाई म्हणाल्या. "नाके का दूसरा सिपाही देखा था, जवार में छुपके. वोइच आके बोला. इसी वास्ते बोली, दाना नक्को खाना." मग हळूच, "मैं सोची, तुम लोगां छुपाएँगे."

त्या दगडाकडं गेल्या. आम्ही मागून. दगडाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. बोटं तेलानं काळी झाली होती.

"ये क्या लगाए?"

"तेल," दोड्डव्वा म्हणाली. "साठ वर्सं लावते."

"मेरे अब्बाकू देव बना दिए?"

"देव न्हाई. देवाला एवढं कुणी भितं व्हय?"

बाईंचा ओठ हलला. हसू होतं की रडू, सांगता येणार नाही. त्यांनी दगडापाशी बसून दुआ मागितली, चावडीपुढं मागितली तशीच, आणि तेवढाच वेळ. उठताना त्यांना आधार लागला. तो नातसुनेनं दिला, ती जवळ होती म्हणून. बाईंनी तिचा हात सोडला नाही. पोटाकडं बघितलं.

"कितना महीना?"

"नववा," पोरगी म्हणाली.

बाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. तेव्हा दोड्डव्वानं चळतीतली वरची भाकर घेतली, मधोमध मोडली, अर्धी आमच्यासमोर उभ्यानं चावून खाल्ली. घाईत खाल्ली, तिला ठसका लागला. उरलेली अर्धी तिनं पुढं केली.

बाईंनी ती घेतली. तोंडाला नाही लावली. ओढणीच्या टोकात बांधली, गाठ मारली आणि म्हणाल्या, "इधर नहीं."

दोड्डव्वा कोपीच्या दारात मटकन बसली. आम्ही निघालो तेव्हा ती आमच्याकडं बघत नव्हती, ओढणीच्या गाठीकडं बघत होती.

गाडीत मी एक शब्द बोलले नाही. हे माझ्याबाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे. ओढ्याचा पूल ओलांडला तशी बाईंनी विचारलं, "गाँव की हद खतम?"

"खतम."

"रोको."

बाभळीखाली गाडी लावली. त्यांनी गाठ सोडली. बाजरीची भाकर वाऱ्यानं कडक झाली होती, आणि दात नव्हते. त्यांनी आपल्या डब्याचं झाकण काढलं, त्यात भाकर कुस्करली, आपल्या बाटलीतलं सगळं पाणी ओतलं आणि बसून राहिल्या, ती मऊ व्हायची वाट बघत. रस्त्यानं ट्रॅक्टर जात होते, येळवस करून परतणारी माणसं ट्रॉलीत उभी राहून आमच्याकडं बघत होती. प्रत्येक ट्रॅक्टरला माझा हात गाडीच्या किल्लीवर जायचा.

पहिला घास त्यांनी डोळे मिटून घेतला. लहान मूल औषध घेतं तसा.

माझा फोन वाजला. चुलतभावाच्या नंबरावरून व्हिडिओ कॉल, समोर दोड्डव्वाचा चेहरा, फोन कानाला लावायचा की डोळ्यांपुढं धरायचा याच्या गोंधळात अर्धं कपाळ आणि अर्धं आभाळ.

"खाल्ली का?"

"खायलीय, दोड्डव्वा."

"तुझ्यावर माझा इस्वास न्हाई. तिला दाव."

मी फोन बाईंकडं वळवला. त्या चावत होत्या. दोड्डव्वा पडद्याला नाक लावून बघत राहिली. एक म्हातारी हिरड्यांनी चावत होती आणि दुसरी घास मोजल्यासारखं बघत होती. पाच-सहा घास झाले. मध्ये एकदा बाई थांबल्या, तेव्हा पडद्यावरचा चेहरा इतका भेदरला की बाईंनी घाईनं पुढचा घास घेतला.

"हुआ," शेवटी त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडून फोनपुढं धरलं. आत काही नव्हतं.

"समदी?" दोड्डव्वानं विचारलं.

बाईंनी डबा तिरपा करून दाखवला.

"पानी पी म्हणावं तिला," दोड्डव्वा मला म्हणाली. "कोरडी हाय बाजरी. ठसका लागंल."

बाईंची बाटली रिकामी होती. माझी बाटली गाडीत होती, मघाशी कोपीपाशी भरून घेतलेली, आमच्या विहिरीची. मी ती पुढं केली. त्यांनी ती बघितली, मग मला.

"कहाँ का है?"

दुकानातलं आहे असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ते मला छान म्हणताही आलं असतं.

"आमच्या विहिरीचं," मी म्हटलं.

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. पाणी तोंडात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं, गाल फुगवून, पुलाकडं बघत. फोनमध्ये दोड्डव्वाचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी गिळलं.